मुठीएवढा जीव आणि त्याचा श्वास

मांजर हा आपल्या घरांतला जुना सोबती आहे. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करत असताना एक मांजर पाणी प्यायला आली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी भांडे कलते केले. सून नवलाने पाहू लागली, तेव्हा ते म्हणाले की, मांजर नापाक नाही, ती तुमच्यात सदैव ये-जा करणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. त्यामुळे मुलांनी पिल्लू उचलून आणले तर आपल्याकडे सहसा कुणी हाकलून देत नाही. पण पाळणे म्हणजे काय, हा प्रश्न ते पिल्लू आजारी पडल्यावरच उभा राहतो.

गेल्या पावसाळ्यात पाचवीच्या वर्गातील एका मुलीने मधल्या सुट्टीत आम्हांला विचारले, "सर, मांजरीच्या पिल्लाला दमा होतो का?" घराच्या पडवीत मांजर व्याली होती आणि चार दिवसांपासून ती परतली नव्हती. दोन पिल्ले मागे राहिली होती. ही मुलगी त्यांना मांडीवर उताणे धरून ड्रॉपरने गाईचे दूध पाजत होती. आता त्यांच्या छातीतून खरखर ऐकू येत होती आणि पोट भात्यासारखे खालीवर होत होते. दादी म्हणाल्या, दम केलेले पाणी पाजा. भावाने तापाची अर्धी गोळी काढून ठेवली होती.

आम्ही तिच्या अब्बांना फोन केला. ते भले गृहस्थ त्याच दुपारी पिल्लांना खोक्यात घालून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. दूध श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया झाला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. एक पिल्लू त्याच रात्री गेले. दुसरे सुई-औषधाने दहा-बारा दिवसांत उभे राहिले.

दोन दिवसांनी त्या मुलीने विचारले, "सर, मी दूध पाजलं म्हणून ते मेलं का?" आम्ही तिला म्हणालो, "बेटा, तू त्याची भूक भागवायला बसली होतीस आणि अल्लाह नियत पाहतो. पिल्लाला कसं धरायचं हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं." दहा वर्षांच्या मुलीला जे कुणी सांगितले नव्हते, ते घरातल्या मोठ्यांना तरी माहीत असावे, म्हणून या महिन्याचे हे पान.

पिल्लाला दूध पाजताना ते नेहमी पोटावर असावे, जसे ते आईला पिते तसे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले किंवा दूध जोराने पिळले की ते फुप्फुसात जाते. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लांना बहुधा जुलाब लागतात. पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवावी. पिल्लू थंड पडले असेल तर आधी ऊब द्यावी, मग दूध. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली तरी चालते.

आता श्वासाविषयी. निरोगी मांजर शांत झोपलेले असताना मिनिटाला साधारण 15 ते 30 वेळा श्वास घेते, लहान पिल्लू थोडा अधिक. घड्याळ समोर ठेवून छाती किती वेळा उठते ते मोजावे. झोपेतही आकडा सतत 40 च्या वर राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. लाडात आल्यावरची गुरगुर हा आजार नव्हे. पण पिल्लू तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल, मान पुढे ताणून बसत असेल, श्वासागणिक पोट आत ओढले जात असेल किंवा हिरड्या पांढऱ्या-निळ्या दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये.

कारणे बरीच असतात. सर्वांत जास्त आढळते ती मांजरांची सर्दी. ती विषाणूंमुळे होते आणि एका मांजरापासून दुसऱ्याला लागते. शिंका येतात, डोळे चिकटतात, नाक बंद होते. नाक बंद झाले की वास कळत नाही आणि वास कळला नाही की मांजर खात नाही. अशा वेळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाक-डोळे पुसावेत आणि खाणे किंचित गरम करून द्यावे. पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊनही धाप लागते. पोटातल्या जंतांच्या अळ्या फुप्फुसांतून जातात, त्यानेही खोकला येतो. उंचावरून पडलेल्या पिल्लाला धाप लागली तर आतली इजा समजावी.

काही गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि थोडीशी गोळीही जीव घेते. कापूर किंवा निलगिरीचा बाम चोळू नये. धापा टाकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये, मग ते साधे असो की दम केलेले. दुआ त्याच्यावर पढून फुंकावी, पाणी घशात घालू नये. जुमेरातला लोबान जाळतो किंवा रात्री डासांची अगरबत्ती लावतो त्या खोलीतून पिल्लाला बाहेर काढावे. दवाखान्यात नेताना भोके पाडलेल्या खोक्यात फडके घालून न्यावे, मुलांच्या हातांतून फिरवू नये. गुरांच्या सरकारी दवाखान्यात मांजरही तपासतात, हे अनेकांना ठाऊक नसते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की सर्दीविरोधी लस सुरू करता येते. आणि मांजराने चावले-ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी व लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे.

"मांजरीचंच तर पिल्लू, त्याला कशाला डॉक्टर?" हे वाक्य आम्ही पुष्कळ घरांतून ऐकतो. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत त्या स्त्रीची हदीस आहे, जिने मांजर कोंडून ठेवली, खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या खायला मोकळेही सोडले नाही. तिला त्यासाठी अजाब झाला. म्हणजे तिच्यापुढे दोन वाटा होत्या, सांभाळणे किंवा सोडून देणे. आजारी पिल्लाला सोडून देणे म्हणजे मरणाच्या हवाली करणे, म्हणून त्याच्यासाठी दुसरी वाट उरतच नाही. दार लावून त्याला घरात ठेवले की त्याचा श्वास आपल्याकडची अमानत होतो.

दुआ करावीच, पण प्रेषितांनी (स.) उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले आहे. आज रात्री आपल्या घरातले पिल्लू झोपले की मुलांना जवळ बसवून त्याचे श्वास एक मिनिट मोजायला लावा. पुढे कधी धाप लागली तर ती पहिल्यांदा मुलांच्याच लक्षात येईल, इन्शाअल्लाह.