कडी लावायचं काम

बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकांतल्या बाणांवर माझा जरा राग आहे. या कायनेजने त्या कायनेजला 'चालू' केलं, त्याने पुढच्याला... बाणावर बाण! बघणाऱ्याला वाटतं, पेशीत सगळे झोपलेलेच असतात. माझ्या मते निम्मी गोष्ट तिथेच हरवते. पेशीची बरीच मेहनत जाते ती कायनेजला गप्प बसवण्यात.

कायनेजचं काम साधं. एटीपीमधला एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा. माणसात असे पाचशेच्या वर कायनेज आहेत. (चिकटवलेला फॉस्फेट काढणारे फॉस्फेटेज वेगळे, त्यांना बिचाऱ्यांना कोणी विचारत नाही.) पीकेए हा कायनेज तर तयारच असतो, दुसरं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि सायक्लिक एएमपी आलं की सोडतं. सगळेच असे उतावीळ नाहीत म्हणा. सायक्लिन भेटल्याशिवाय न हलणारे सीडीकेही आहेत.

पण खरी गंमत एबल या कायनेजची. त्याच्या एका रूपाच्या टोकाला चौदा कार्बनची स्निग्ध शेपटी असते, मिरिस्टिक आम्लाची. हे आम्ल जायफळात सापडतं, नावही तिथूनच आलं. ही शेपटी वळून एबलच्याच अंगातल्या एका खाचेत जाऊन बसते आणि कायनेज मिटतो. स्वतःच स्वतःला घातलेली कडी!

आता नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होतात. १९६० साली फिलाडेल्फियात दिसलेलं ते आखूड गुणसूत्र यातूनच बनतं, हे जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या अदलाबदलीत एबलचं शेपटीचं टोक जातं आणि तिथे बीसीआर नावाचा तुकडा येतो. तो अशा प्रथिनांना एकत्र आणतो, मग ती एकमेकांवरच फॉस्फेट चिकटवत सुटतात. परिणाम क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया.

म्हणून 'कॅन्सरचा जनुक' हा शब्द मला खटकतो. पेशंटला वाटतं, अंगात काहीतरी परकं शिरलंय. प्रत्यक्षात एबल आपलाच, कामाचाच. कडी तेवढी गेली. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं इमॅटिनिब एटीपीच्या जागी बसून त्याला मिटलेल्या अवस्थेत अडकवतं. २०२१ मध्ये आलेलं ॲसिमिनिब तर थेट त्या शेपटीच्या रिकाम्या खाचेत जाऊन बसतं. हरवलेल्या कडीच्या जागी नवी कडी!

हे नीट सांगितलं तर पेशंटच्या नेहमीच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं : "रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?" गोळी तुटलेलं गुणसूत्र सांधत नाही, ती फक्त कडी धरून ठेवते. रिपोर्ट वर्षानुवर्षं उत्तम राहिला तर काही जणांची गोळी डॉक्टर थांबवून बघतात. पण तेव्हाही रक्त तपासत राहावं लागतं, कारण बऱ्याच जणांना ती पुन्हा सुरू करावी लागते.