महाराष्ट्रातील शैक्षणिक संस्थांमधील हिजाब वाद

महाराष्ट्रातील शैक्षणिक संस्थांमधील हिजाब वाद हा मुस्लिम विद्यार्थिनींनी वर्गात हिजाब, नकाब किंवा बुरखा परिधान करण्याविषयीचा घटनात्मक व सामाजिक वाद आहे. मुंबईतील चेंबूर येथील एन.जी. आचार्य आणि डी.के. मराठे महाविद्यालयाच्या वेशसंहितेमुळे २०२४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हिजाबने डोके झाकले जाते, तर नकाबने चेहराही. हा भेद या प्रकरणात महत्त्वाचा ठरला.

पार्श्वभूमी

भारतीय संविधानाचे कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब ही इस्लाममधील अत्यावश्यक धार्मिक प्रथा नसल्याचे ठरवून तेथील बंदी कायम ठेवली. त्यावरील अपिलात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी ग्राह्य धरली, तर न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाला प्राधान्य देत ती अमान्य केली.

चेंबूर प्रकरण

महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ला इत्यादींना मनाई केली. याविरुद्ध नऊ विद्यार्थिनींनी याचिका दाखल केली. विद्यार्थ्यांचा धर्म पोशाखावरून प्रकट होऊ नये, हा वेशसंहितेचा हेतू असून ती सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना लागू आहे, असे नमूद करून मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी याचिका फेटाळली.

९ ऑगस्ट २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्या खंडपीठाने हिजाब, टोपी व बिल्ला यांवरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली. नावावरूनही धर्म कळतो, तसेच टिळा किंवा टिकलीवर बंदी घालणार काय, असे प्रश्न खंडपीठाने उपस्थित केले. मात्र वर्गात चेहरा झाकणारा बुरखा घालण्यास परवानगी दिली नाही.

सुधारणा आणि सक्ती

मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांची चर्चा महाराष्ट्रात जुनी आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा तोंडी तलाकविरोधी मोर्चा काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्या महिलांना रूढीपासून मुक्तता हवी होती. चेंबूरच्या विद्यार्थिनींना स्वतः निवडलेला पोशाख राखायचा होता. मागण्या परस्परविरोधी भासल्या, तरी दोन्हींत स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्याविषयीचा निर्णय इतरांच्या हाती सोपवण्यास नकार दिला. घरातून होणारी बुरख्याची सक्ती आणि महाविद्यालयाची मनाई या दोन्हींना हीच कसोटी लागू पडते.

तुलना

फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना मनाई केली. तेथील धर्मनिरपेक्षता शाळेतून धर्मचिन्हे दूर ठेवते, तर भारतात ‘सर्वधर्मसमभाव’ ही संकल्पना अधिक रूढ आहे. त्यामुळे समान गणवेश म्हणजे समान वागणूक होय काय, हा या वादाचा गाभा आहे. बंदीमुळे एखादी मुलगी वर्गाबाहेर राहिली, तर त्याची किंमत तिच्या शिक्षणाला मोजावी लागते.