काळी गाडी, पांढरी जाळी

काळी गाडी घेणं आणि पांढरा शर्ट घालून मिसळ खाणं, दोन्हीला हिंमत सारखीच लागते. त्यातून तुम्ही पनवेलला राहत असाल तर विचारूच नका. एका बाजूला सायन-पनवेल हायवे, दुसरीकडे गोव्याचा रस्ता, कळंबोलीच्या स्टील मार्केटचे ट्रेलर आणि उलव्याकडे वर्षानुवर्षं चाललेली विमानतळाची फोडाफोडी. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानंही उडायला लागली. धूळ मात्र आमच्याकडेच उतरली.

तरी मी काळीच घेतली. 'सिल्व्हर घे, धूळ दिसत नाही,' असं बायको म्हणत होती. 'धूळ बघायला कोण येतंय?' असं मी बाणेदारपणे म्हणालो होतो. ते वाक्य आता महिन्यातून दोनदा तरी मला परत ऐकवलं जातं.

तर झालं असं... पुण्याहून येताना रात्री पळस्प्याजवळ पेट्रोल भरायला थांबलो. पंपाच्या पांढऱ्याफेक लाइटखाली बोनेटकडे नजर गेली आणि पोटात गोळाच आला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणावं तशा शेकडो बारीक, गोल गोल रेषा. गाडी फक्त दीड वर्षाची!

रागाला कुणीतरी माणूस लागतो. माझ्याकडे तो तयारच होता. आमच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला गाड्या पुसायला येणारे मामा. अठरा गाड्या, एक बादली, एक फडकं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये चार लोकांसमोर मी त्यांना झापलं. 'मामा, गाडी पुसता की भांडी घासता? उद्यापासून माझ्या गाडीला हात लावू नका.' मामा काही बोलले नाहीत. फडकं पिळलं, बादली उचलली आणि पुढच्या गाडीकडे गेले.

तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी बोनेटचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपापल्या गाड्या तपासा.' संध्याकाळपर्यंत आणखी तीन घरांनी मामांना बंद केलं. एका गाडीचे महिन्याला सहाशे. म्हणजे माझ्या एका फोटोने मामांचे चोवीसशे रुपये गेले. हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता, हे कबूल करतो.

रविवारी सकाळी कळंबोलीचा मित्र मशीन घेऊन आला. गाड्यांच्या रंगाचं काम हाच त्याचा धंदा. मला वाटलं, आल्या आल्या पॉलिश सुरू करेल. पण त्याने आधी टॉर्च काढला आणि डॉक्टरसारखा गाडीभोवती फिरला. मग टपाशी थांबला.

'इथली जाळी सगळ्यात दाट आहे. टप कोण पुसतं?'

'मीच. मामांची उंची कमी, त्यांचा हात नाही पोचत तिथे.'

'कशाने पुसतोस?'

डिकीतून मी माझा लांब दांड्याचा डस्टर काढून दाखवला. रोज ऑफिसला निघताना टपावरून, बोनेटवरून सुका फिरवतो. दोन मिनिटांत गाडी चकाचक! मित्र काही बोलला नाही. नुसता डस्टरकडे बघत राहिला. मला जे कळायचं ते कळलं.

मग त्याने शाळा घेतली. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. सह्याद्रीचा काळा पाषाण फोडून खडी होते, त्या बसाल्टची भुकटी तिच्यात असते आणि ती गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. तिच्यावर सुकं कापड फिरवलं की तो पॉलिश पेपरच झाला. ओरखडे पडतात ते सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअरकोटवर. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, आपल्या केसाहूनही पातळ. काळा रंग स्वतः प्रकाश जवळजवळ परत पाठवतच नाही, त्यामुळे ओरखड्यांवरून विखुरलेला तेवढा प्रकाश डोळ्यांत भरतो. पांढऱ्या गाडीवरही जाळी तितकीच असते, फक्त चारचौघांत दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे ओरखडे गोल नसतातच. ते वाट्टेल तसे, सगळ्या दिशांनी पडलेले असतात. त्यांतले दिव्याच्या किरणांना आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. 'मामा गोल गोल पुसतात म्हणून गोल ओरखडे' हा माझा तपास तिथेच निकालात निघाला.

'मग मामा निर्दोष?' मी विचारलं.

'नाही ना. अठराव्या गाडीपर्यंत ते फडकं म्हणजे चिखलच. पण अठरा गाड्यांना एक बादली कुणी ठरवली? मामांनी?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कामाचं. तुमच्याकडे काळी गाडी असेल तर हा भाग कापून ठेवा.

आधी नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख हलकेच आडवं न्या. अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, हट्ट करू नका. अडकलं नाही तर आशा आहे.

मग धुणं. बादल्या दोन, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची. आधी पाणी मारून सुटी धूळ उतरवायची. मग टपापासून खाली यायचं, सरळ रेषेत. प्रत्येक भाग झाला की फडकं आधी साध्या पाण्यात खंगाळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. भांड्यांचा साबण नको, त्याने असलेलं वॅक्सही निघून जातं. उन्हाळ्यात पाणीकपात असते आणि टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून गाडी सावलीत धुवायची आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यायची. टिपायची बरं का, रगडायची नाही.

धुतल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर धूळ आणि ट्रेलरच्या ब्रेकचे कण रंगात रुतून बसलेत. ते काढायला क्ले बार, म्हणजे गाडीसाठी मिळणारी खास माती. भरपूर ओली करून, अजिबात जोर न देता फिरवायची. जमिनीवर पडली तर सरळ कचऱ्यात.

यानंतर मशीन. रबर आणि कडांना मास्किंग टेप लावायची, कारण कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो. नवख्याने हातात घ्यायचं ते ड्युअल अ‍ॅक्शन. एकाच जागी गरगर फिरणारं रोटरी मशीन अनाडी हातात रंग जाळतं. आधी दोन फूट बाय दोन फुटांचा एकच तुकडा घ्यायचा आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने करून बघायचं. त्याने भागलं नाही तरच कंपाउंड. वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीन सावकाश, आधी आडवं मग उभं. पुसून टॉर्च मारून बघायचं. कंपाउंड मारलं असेल तर शेवटी मऊ पॅडने फिनिशिंग पॉलिश. काळ्या रंगाला हे टाळून चालत नाही, नाहीतर जाळी जाते आणि धुक्यासारखी झाक राहते.

पॅडवर रंग का येत नाही, असं मी विचारलं. मित्र म्हणाला, कारण आपण फक्त पारदर्शक थर घासतोय. मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. तसल्या जुन्या, क्लिअरकोट नसलेल्या गाड्यांना पॉलिश करताना फडकं काळंकुट्ट व्हायचं. निदान आपण काय गमावतोय ते डोळ्यांना दिसायचं. आता दिसत नाही, पण जातंच. एकदा कंपाउंड मारलं की दोन-तीन मायक्रॉन कमी होऊ शकतात. म्हणजे ही चैन दर दिवाळीला करायची नाही. आयुष्यात मोजक्याच वेळा.

म्हणून त्या 'हजार रुपयांत नवी गाडी' छाप रबिंगवाल्यांपासून सावध राहा. पुष्कळदा ते तेलकट ग्लेझने रेषा नुसत्या बुजवतात. चार वेळा गाडी धुतली की जाळी परत हजर. म्हणून पॉलिशनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसून बघायचं. तरीही स्वच्छ दिसलं तर काम खरं. त्यावर वॅक्स किंवा सीलंट. सिरॅमिक कोटिंग करायचं तर आधी जाळी काढूनच, नाहीतर तीच जाळी वरून झाकून जपून ठेवाल!

संध्याकाळी सहाला टॉर्च मारला. बोनेटमध्ये समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजता येत होते. टपावर दोन ओरखडे तेवढे राहिले, नख अडकणारे. माझ्या डस्टरच्या दांड्याचे. ते तसेच ठेवलेत.

गाडी झाली. आता दुसरं काम होतं आणि त्याला मशीन नव्हतं.

सोमवारी पहाटे साडेपाचला खाली गेलो. मामा कोपऱ्यातल्या गाडीशी होते. 'मामा, चूक माझी होती. टप तर मीच पुसतो,' एवढंच कसंबसं बोललो. मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, 'त्या दिवशी सांगणार होतो साहेब. पण चार माणसं होती. तुमचा शब्द खाली पडला असता.'

ज्या चार माणसांसमोर मी त्यांना झापलं, त्यांच्यासमोर त्यांनी माझी लाज राखली होती.

ग्रुपवर मी दुसरा फोटो टाकला. या वेळी डस्टरचा. चूक कबूल केली. दोन घरांनी मामांना परत बोलावलं. तिसऱ्याने अंगठा दाखवला आणि विसरला. तक्रार जितक्या वेगाने पळते तितक्या वेगाने माफी पळत नाही. त्या घरी मला स्वतः जाऊन दार वाजवावं लागलं. पुढच्या महिन्यापासून तेही परत आले.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव केला. मामांना पार्किंगच्या नळाचं पाणी, दोन बादल्या आणि दर गाडीमागे तीन मायक्रोफायबर फडकी, ज्याची त्याने धुवायची. सहाशेचे आठशे झाले. हा मुद्दा पास व्हायला सव्वा तास लागला, तेही चहा आल्यावर.

परवा घाईत होतो. ऑफिसच्या नादात डिकीतून जुना डस्टर काढला आणि बोनेटकडे वळलो, तर मागून आवाज आला.

'साहेब! सुकं नको!'

डस्टर मामांकडे दिला. आता ते त्याने जिन्यातली जळमटं काढतात.