आधी तबकडी, मग सुई

ग्रामोफोनच्या तबकड्या पुन्हा घराघरांत वाजू लागल्या आहेत, ही रसिकांच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट होय. पण प्लेयर घरात आला की प्रश्न उभा राहतो तो कार्ट्रिजचा. ‘महाग तेच चांगले’ अशी आपली समजूत असते. माझे मत निराळे आहे. आधी आपल्या कपाटातील तबकड्या पाहाव्यात आणि मगच कार्ट्रिज निवडावे.

कार्ट्रिजचे काम साधे. खोबणीतील वळणांनी सुई थरथरते, त्या थरथरीची वीज करायची. सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये सुईचा ताण सिरॅमिकच्या पट्टीवर पडून वीज निर्माण होते. ती भरपूर मिळते, म्हणून स्वस्त प्लेयरांत हाच प्रकार आढळतो. पण त्याची सुई ताठ. ती खोबणीत टिकायला चार-पाच ग्रॅम भार लागतो आणि तबकडी लवकर झिजते. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये सुईमागचे चुंबक हलते, तारेचे वेटोळे स्थिर राहते. दीड-दोन ग्रॅम भार पुरतो. मूव्हिंग कॉइलमध्ये नेमके उलट. तेथे हलके वेटोळे हलते, म्हणून बारकावे अधिक उमटतात, हा जाणकारांचा दावा खोटा नाही. परंतु तिची वीज बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहून कमी, मॅग्नेटच्या सुमारे एक-दशांश! ती वाढवण्यास आणखी खर्च करावा लागतो. आणि सुई झिजली की बहुतेक वेळा सबंध कार्ट्रिजच बदलावे लागते. मॅग्नेटची सुई मात्र आपण घरी काढून दुसरी बसवू शकतो.

हीच सोय मला सर्वांत मोलाची वाटते. कारण आपल्याकडचा खरा ठेवा अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांत आहे. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई त्यांतच गायले. त्या तबकड्यांची खोबणी रुंद. तिला सुमारे तीन सहस्रांश इंच त्रिज्येचे टोक लागते. एल.पी.च्या सुईचे टोक त्याच्या चौथाईइतकेही नसते. ती सुई रुंद खोबणीच्या तळाशी जाते आणि गाण्याऐवजी तिथल्या धुळीची खरखर ऐकवते. मग आपण म्हणतो, ‘रेकॉर्ड खराब झाली’, आणि ती रद्दीत घालतो! दोष सुईचा, शिक्षा तबकडीला! तेव्हा साधे मूव्हिंग मॅग्नेट आणि त्याला दोन सुया, एक एल.पी.ची व एक अठ्ठ्याहत्तरची, हाच आपल्या घरांना शहाणपणाचा मार्ग होय.

कोणी म्हणेल, “गाणी मोबाईलवर फुकट मिळत असता हा खटाटोप कशाला?” पण जुने गाणे मोबाईलवर आले, ते कोणीतरी तबकडी जपली आणि तिच्यावर योग्य सुई ठेवली म्हणूनच ना? जे अजून माळ्यावरच पडले आहे, त्याचे काय?

१९७७ साली अमेरिकेची व्हॉयेजर याने अंतराळात गेली, तेव्हा त्यांच्यावरील तबकडीत केसरबाईंचा भैरवीतील सूर होता. धाडणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली. परक्या ताऱ्यांकडे गाणे पाठवताना जी काळजी घेतली गेली, तेवढी आपण आपल्या आजोबांच्या पेटीतील गाण्यासाठी घेऊ नये काय?