परक्या विमानातली खुर्ची

'निष्ठा' हा शब्द आपल्याकडे जपून वापरतात. वारकऱ्याची असते ती निष्ठा, देवळात पिढ्यानपिढ्या पहाटेचा चौघडा वाजवणाऱ्या घराण्याची असते ती निष्ठा. हा शब्द विमान कंपन्यांनी उचलला आणि त्याची कुपनं छापली, याचा मला मनापासून राग आहे. सौदा सरळ असता तर शब्दाची चोरी एकवेळ सोसली असती. पण तो सरळ नाही. आणि त्यातलं सगळ्यात वाकडं कलम म्हणजे एका कंपनीचे पॉइंट देऊन तिच्या भागीदार कंपनीच्या विमानात वरच्या वर्गात बसण्याचं आमिष.

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं मैलांची योजना काढली, १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स उभी केली, २०१४ च्या जुलैमध्ये एअर इंडिया तिच्यात गेली. तेव्हापासून आपल्याला ऐकवलं जातं की, पॉइंट कुठेही कमवा, कुठेही वापरा, सगळं एकच कुटुंब.

कुटुंब? आता आतला हिशेब बघा. विमान ज्याचं, खुर्ची त्याची. तुमच्या कंपनीनं तुमचे पॉइंट कापले की त्या खुर्चीचे पैसे तिला भागीदाराला मोजावे लागतात, आणि ते ठरलेले, थोडके. मग भागीदार खुर्ची कधी सोडणार? ती विकली जाणार नाही अशी त्याची खात्री झाल्यावर. त्याआधी तिच्यावर त्याच्या स्वतःच्या सोनेरी-रुपेरी कार्डवाल्यांचा हक्क. हल्ली तर कित्येक कंपन्या उरलेल्या खुर्च्यांसाठी प्रवाशांकडून बोली मागवतात. सगळ्यांचं आटोपलं की मग तुम्ही, परक्या घरचे पाहुणे. शिवाय अट अशी की तुमचं मूळ तिकीट महागडं हवं. इकॉनॉमीच्या तिकिटालाही वाय, बी अशी अक्षरं असतात, आणि भागीदाराच्या विमानात बढती मिळते ती साधारणपणे याच वरच्या अक्षरांना. स्वस्तातलं तिकीट घेणाऱ्यानं स्वप्नसुद्धा बघू नये. गंमत म्हणजे त्या पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीत थोडी भर घातली तर कित्येकदा बिझनेसचं सवलतीचं तिकीटच येतं!

आपला पसरकार असं वागला तर? "बाबा, तुझे शंभर रुपये माझ्याकडे जमा आहेत, ते शेजारच्या पसऱ्यावरही चालतील. पण तिथं आधी सगळ्यात महाग तांदूळ घे, मग त्याच्याकडे संध्याकाळी न खपलेली केळी उरली तर त्यातलं एक तुझं." त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी कोणी उभं राहील का?

माझ्या थोरल्या बहिणीचे दोन्ही गुडघे गेलेले. तिचा मुलगा टोरांटोला असतो. नोकरीतल्या प्रवासाचे पॉइंट त्यानं सात वर्षं साठवले, का तर आईला एकदा तरी आडवं होऊन झोपत नेता यावं. तिकीट भागीदार कंपनीचं काढलं, मग फोन केला. उत्तर आलं, या अक्षराच्या तिकिटाला बढती नाही. दुसरं तिकीट घ्या म्हणाले. त्या अक्षराचा भाव ऐकून भाचा गप्प झाला. आक्का चौदा तासांहून जास्त वेळ पाय दुमडून गेली. उतरताना व्हीलचेअर लागली.

तुम्ही म्हणाल, नियम छापलेले असतात, वाचायला काय झालं? छापलेले असतात, खरं. पण ते बदलण्याचा हक्कही त्याच कागदावर कंपनीनं स्वतःकडे ठेवलेला असतो. मिनेसोटातल्या एका रब्बीला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं २००८ मध्ये योजनेतून काढून टाकलं. तो फार तक्रारी करतो, असं कंपनीचं म्हणणं. माणूस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी एकमतानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. करारातल्या सचोटीचा त्याचा दावा तिथल्या विमान कायद्यापुढे टिकला नाही.

आणि याच पॉइंटची दुसरी बाजू बघा. २०२० च्या सप्टेंबरात, करोनानं विमानं जमिनीवर आणली तेव्हा, डेल्टानं आपली मैलांची योजना तारण ठेवून ९०० कोटी डॉलर उभे केले. म्हणजे कर्ज देणाऱ्यापुढे ही योजना सोन्याची वीट, आणि आपल्यापुढे मेहेरबानी. याच डेल्टानं २०१५ पासून, आणि एअर इंडियानं २०२४ पासून, पॉइंट अंतरावर न देता खर्चावर द्यायला सुरुवात केली. निष्ठा किती वर्षांची, हे विचारत कोण बसलंय?

जेट एअरवेज आठवते ना? दाबोळीहून मुंबईला जाताना आपण किती मंडळींनी तिचे मैल जमवले! १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान उतरलं. मैलांची योजना निराळ्या नावानं पुढे चालली, पण ज्या विमानात बसायचं ते कुठं होतं?

अमेरिकेच्या परिवहन खात्यानं २०२४ च्या सप्टेंबरात चार मोठ्या कंपन्यांकडे या योजनांचा हिशेब मागितला. आपल्या डीजीसीएकडे माझी मागणी याहून साधी आहे. तिकीट विकतानाच, पैसे भरायच्या आधी, पडद्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असावं: या तिकिटाला भागीदाराचे पॉइंट चालतात की नाही. एवढी एक ओळ छापायला कोणाचं दिवाळं निघणार नाही.

तोवर, पॉइंट असतील तर बढतीच्या नादी लागू नका. सरळ वरच्या वर्गाचं अख्खं तिकीटच पॉइंटवर मिळतं का ते आधी बघा. तिथं मूळ तिकिटाच्या अक्षराची भानगडच नसते. पुढच्या वर्षी आक्काला परत आणताना भाचा तेच करणार आहे, खुर्ची मिळाली तर.