बाबांची चेतक आणि माझा कबुलीजबाब



या सदरात मी एरवी वाय-फाय, लॅपटॉप आणि रुसलेले मिक्सर यांच्याबद्दल लिहितो. या वेळी जरा जुनं यंत्र आणलंय. बाबांची १९८७ सालची बजाज चेतक. काचीगुड्यातल्या आमच्या घरी ती जिन्याखाली अठरा वर्षं उभी होती. वर सतरंजीचा तुकडा आणि त्यावर रद्दीचे गठ्ठे. दर दिवाळीला आई म्हणायची, "भंगारात द्या हो." बाबा म्हणायचे, "राहू दे गं, काय खायला मागते का ती?"

२००५ मध्ये तिचं इंजिन जाम झालं, तेव्हापासून ती तिथेच. यंदा मी ठरवलं, इंजिन उघडायचंच.

नव्या पिढीसाठी थोडी ओळख. बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने आपल्याकडे व्हेस्पा बनवली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. नाव मेवाडचं, कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला, पण इंजिनाचं कूळ व्हेस्पाचंच. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर, म्हणून १४५.४५ सीसी. तुमच्या कारसारखा यात रेडिएटर नाही, पाणी नाही. फिरत्या चाकाला पंख्याची पाती असतात. ती पत्र्याच्या कव्हरमधून सिलिंडरवर वारा ढकलतात. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिनही असंच वाऱ्यावर थंड व्हायचं. ती गाडी २००३ पर्यंत मेक्सिकोत बनत होती आणि एकूण २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या.

मी कॉम्प्युटरचा बीई. पाना धरायचा म्हणजे माझी धाव पलंगाचे बोल्ट आवळण्यापर्यंत. म्हणून गल्लीतल्या मेकॅनिक चाचांना गाठलं. ते म्हणाले, "खोलना आसान है मियाँ. फिट करना आया तो बोलो." मग तीन महिने दर रविवारी मी त्यांच्या हाताखाली होतो. पहिला धडा असा की प्रत्येक नट काढण्याआधी फोटो आणि काढल्यावर डबीत चिठ्ठी. दुसरा धडा, फ्लायव्हील पुलर लावूनच काढायचं, हातोडी मारून नाही.

हेड काढलं, सिलिंडर मात्र हलेना. रात्रभर डिझेल ओतून ठेवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो सुटला. पिस्टन हातात आला आणि माझ्या पोटात गोळा आला. अॅल्युमिनियमवर उभे ओरखडे, रिंगा खाचेत चिकटलेल्या. चाचांनी बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "सूखा चला है." म्हणजे ऑइलशिवाय.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. एक लिटरला साधारण २० मिलिलिटर ऑइल. ते नसलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. हे मला माहीत होतं, तेव्हाही.

२००५ चा जून. मी सतरा वर्षांचा. पंपावर बाबांनी पेट्रोलचे आणि ऑइलचे पैसे मोजून दिले होते. मी ऑइल घेतलंच नाही. त्या पैशांत मित्रांबरोबर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली. उप्पलहून येताना अंबरपेटला मागचं चाक जागच्या जागी थांबलं. कसाबसा क्लच दाबला म्हणून पडलो नाही. ढकलत घरी आणली आणि सांगितलं, "आपोआप बंद पडली." बाबा म्हणाले, "म्हातारी झाली असेल." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सात वर्षं, ते बँकेत सिटी बसने गेले. उभ्याने. मी एक शब्द बोललो नाही.

आता तो पिस्टन माझ्या समोर होता. तो कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि कामाला लागलो.

अशी जुनी इंजिनं आज उभी राहतात ती सुटे भाग एकमेकांना चालतात म्हणून. आपल्याला हे गृहीतच वाटतं, पण एके काळी तसं नव्हतं. प्रत्येक भाग कारागीर कानस मारून त्या त्या यंत्रापुरता बसवायचा. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबने एक परीक्षा घेतली. तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करून सगळे भाग एकत्र मिसळले, काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी साठ्यातले घातले आणि साध्या हत्यारांनी तीन गाड्या पुन्हा जोडल्या. मग त्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ५०० मैल पळवल्या. तिन्ही पळाल्या. जादू काही नव्हती. ठरवलेलं माप प्रत्येक भागात काटेकोर पाळलं होतं, एवढंच.

माझी चूक नेमकी तिथेच झाली. आमचा सिलिंडर आधी दोनदा बोअर झाला होता, म्हणजे ५७.५० वर होता. ओरखडे काढायला पुढची पायरी ०.७५ ची, म्हणून पिस्टन हवा ५७.७५ चा. मी ऑनलाइन शोधलं, ५७.८ चा पिस्टन दिसला आणि मागवून टाकला. दिसायला तसाच, फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा. चाचांनी मायक्रोमीटर लावला आणि परत हातात दिला. "ये एलएमएलवाले का है. इसका घर अलग." खरंच, एलएमएलच्या व्हेस्पाचा मूळ व्यास ५७.८ असतो. पिस्टन आणि सिलिंडरमधली जागा मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात. तिथे 'जवळपास' चालत नाही. चाचा म्हणाले, "नाप देखो मियाँ, शकल नक्को." हैदराबादी बोलीतला हा 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ. पण मला त्या दिवशी तो चांगलाच लागला.

शेवटी पुतलीबावलीच्या गल्ल्यांत ५७.७५ चा पिस्टन मिळाला. तिथून जांबागेतली विवेकवर्धिनी जवळच, बाबांची शाळा. बोअरिंगवाल्याने पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडरला हात लावला नाही. आधी पिस्टन मोजायचा, मग त्याच्या मापाने भोक, हा त्याचा नियम. नशिबाने कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ नव्हता, म्हणजे क्रँक वाचला होता. ऑइल सील मात्र दगड झाले होते. ते आणि बेअरिंग बदलायला चेंबर उघडावा लागला. तेव्हा कळलं की सगळेच भाग अदलाबदल होत नाहीत. चेंबरचे दोन अर्धे भाग कारखान्यात एकत्र धरून कापलेले असतात. एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा चालत नाही. पिस्टन, रिंगा, सील, क्लच प्लेटा, सगळं नवं आणा. ही जोडी मात्र मोडायची नाही.

जोडणीच्या दिवशी बाबा स्टूल घेऊन येऊन बसले. मी खिशातून जुना पिस्टन काढून त्यांच्या हातात दिला. चष्मा वर करून त्यांनी तो फिरवून पाहिला.

"बाबा, ऑइल नव्हतं. मी घातलंच नव्हतं."

"माहितीये."

"चाचांनी सांगितलं?"

"छे. त्याच संध्याकाळी टाकीत पाहिलं होतं. ऑइलचा रंगच नव्हता पेट्रोलला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. मग तुझी बारावी, मग इंजिनियरिंगची फी. राहूनच गेलं." थोडं थांबून म्हणाले, "बसच्या पासाचे पैसे तेवढे वसूल करायला हवे होते तुझ्याकडून."

चाचा पलीकडे तोंड करून हसत होते. मला हसू आलं नाही. सात वर्षांचा बसप्रवास कुठल्या दुकानात मिळत नाही.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगांची टोकं आपापल्या पिनेवर, हेडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत. पंख्याचं पत्र्याचं कव्हर आठवणीने. ते नसलं तर वारा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. ऑइल बाबांनी स्वतः मोजून घातलं, पहिल्या टाकीला थोडं जास्त. चाचांनी गाडी डावीकडे वाकवली, सरळ केली आणि म्हणाले, "मारो किक." अकराव्या किकला निळा धूर आणि तो आवाज. आई वरून ओरडली, "अहो, कपडे वाळतायत!"

आरसीचं नूतनीकरण आणि विमा बाकी आहे, म्हणून सध्या फेरी अंगणापुरतीच. तुमच्याकडेही जिन्याखाली अशी एखादी उभी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा हेड उघडून बघा. नुसत्या 'चेतक' या नावावर भाग मागू नका. पुढे याच नावाची फोर-स्ट्रोक आली, २०२० मध्ये विजेवरचीही आली. साल सांगा, माप सांगा, जुना भाग सोबत न्या.

आणि घरच्यांना काही सांगायचं राहिलं असेल तर अठरा वर्षं थांबू नका. बहुतेक त्यांना ते माहीत असतंच.