सशर्त अन्न, गहाण श्रद्धा

भुकेल्याला अन्न देणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी कोणत्याही धर्मात मतभेद नाही. प्रश्न उद्भवतो तो ताट वाढल्यानंतर. वाढणारा हात शांतपणे मागे घेतला जातो, की काही मागण्यासाठी तसाच पुढे पसरलेला राहतो, यावर सेवा आणि सौदा यांतील अंतर ठरते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास या सुमारे 38 हजार वस्तीच्या शहराने हे अंतर सर्व जगापुढे उघडे केले आहे.

या शहरात सुमारे 600 माणसे बेघर होती. महापालिकेचे स्वतःचे एकही निवारागृह नव्हते. उद्यानात अंगावर पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला 295 डॉलर दंड होई. तो भरला नाही, तर रक्कम 500 डॉलरच्या पुढे जाई. वारंवार सापडणाऱ्यास उद्यानबंदी, आणि ती मोडल्यास 30 दिवसांपर्यंत तुरुंगवास! ज्याच्याजवळ छप्पर नाही, त्याने हा दंड भरायचा कोठून, हा प्रश्न कोणाही नगरसेवकाला पडू नये, हे आश्चर्यच.

अशा माणसाने जायचे कोठे? रात्रीच्या निवाऱ्याचे एकच ठिकाण त्याला दाखविले जाई : गॉस्पेल रेस्क्यू मिशन ही खाजगी ख्रिस्ती संस्था. तेथे खाट मिळे, अन्नही मिळे. पण खटल्यात नोंदविल्या गेलेल्या नियमांनुसार त्यासाठी आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा तास काम करावे लागे, तंबाखू सोडावी लागे आणि ख्रिस्ती उपासनेस उपस्थित राहणे बंधनकारक असे. बरे, ही सारी बंधने मान्य केली, तरी 600 जणांना पुरतील एवढ्या खाटा मिशनकडे नव्हत्याच.

कनिष्ठ न्यायालयांनी मिशनच्या खाटा निवाऱ्याच्या हिशेबात धरण्यास नकार दिला. उपासनेची सक्ती हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. परंतु 28 जून 2024 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला. उघड्यावर झोपणाऱ्यास दंड करणे ही घटनेने निषिद्ध ठरविलेली क्रूर शिक्षा नव्हे, असे बहुमताने ठरविले. त्यानंतर अनेक अमेरिकी शहरांनी असेच निर्बंध लागू केले.

मिशनचे समर्थक म्हणतील, तेथे कोणाला बांधून तर ठेवलेले नाही. ज्याला प्रार्थना नको, त्याला दार मोकळे आहे. हा युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा वाटतो. पण दाराबाहेर थंडी, पोलीस आणि तुरुंग उभे असतील, तर त्या मोकळ्या दाराचा अर्थ काय? पोट भरलेल्या माणसाची निवड आणि उपाशी माणसाची निवड एका तराजूत तोलता येत नाही. निवाऱ्याला शिस्त हवीच. दारू नको, भांडण नको, स्वच्छता राखा, हे नियम सर्वांच्या सुरक्षिततेसाठी असतात. उपासनेची सक्ती मात्र कोणाच्या सुरक्षिततेसाठी असते? ती असते केवळ देणाऱ्याच्या समाधानासाठी.

हा आक्षेप केवळ परधर्मीयांचा आहे, असेही नाही. 1994 मध्ये आपत्कालीन मदतकार्यासाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तयार झाली. मदतीचा उपयोग कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, हे तिचे एक तत्त्व आहे. ती सिद्ध करणाऱ्यांत रेड क्रॉसबरोबर कॅरिटास, लुथेरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संघटनाच होत्या. ख्रिस्ती विवेकालाच जे अमान्य आहे, ते ख्रिस्ती सेवेच्या नावाने का चालावे?

तथापि सारा दोष मिशनच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मिशनने निदान चूल पेटविली होती. खरी अपराधी आहे ती शासनसंस्था. तिने आपले कर्तव्य एका पंथाच्या अंगणात नेऊन टाकले, आणि त्या अंगणात न जाणाऱ्याला गुन्हेगार ठरविले. जेथे शासन हात झटकते, तेथे दुर्बलाची श्रद्धा गहाण पडल्याशिवाय राहत नाही.

आता दृष्टी थोडी अंतर्मुख करावयास हवी. 2011 च्या जनगणनेत भारतात 17 लाखांहून अधिक बेघर नोंदविले गेले. शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारे एक निवारागृह असावे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावले होते. किती सुखवस्तू कुटुंबांना आपल्या शहरातील निवारागृहाचा पत्ता सांगता येईल? सशर्त अन्नावर टीका करण्याचा अधिकार बिनशर्त अन्न वाढणाऱ्यालाच असतो. तो वारसा महाराष्ट्राला परका नाही. गाडगे महाराजांनी आयुष्यभर मंदिरांऐवजी धर्मशाळा उभारल्या. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेने कर्करोगाच्या असंख्य गरीब रुग्णांना आसरा दिला आहे.

म्हणून जो नियम मिशनला, तोच नियम हिंदू कार्यकर्त्यालाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाची जात, त्याचा पंथ विचारू नये. घोषणा दिल्याशिवाय ताट मिळणार नाही, असे म्हणण्याचा मोह तर मनातही येऊ नये. अन्न घेऊन तो माणूस एक शब्दही न बोलता निघून गेला, तरी वाढणाऱ्याच्या मनाला बोचता कामा नये. त्याची भूक शमली, एवढेच त्या ताटाचे प्रयोजन. त्यापलीकडे ज्याला काही हवे आहे, त्याने ताट वाढावे, पण त्याला सेवा म्हणू नये.